पहिलं नाव कुणाचं?



आयकरावरचं संपादकीय म्हटल्यावर आपल्यातल्या काहीजणी पान उलटतील. कर हा पगारदारांचा, व्यापाऱ्यांचा, फार तर सुखवस्तू घरांचा विषय; आपल्या वस्तीतल्या बायकांशी त्याचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. हुंडा, मारहाण, पोटगी, मालमत्तेतला वाटा या प्रश्नांवर आपण मोर्चे काढले. ठेवीच्या व्याजातून होणाऱ्या कपातीवर कुणी घोषणा दिल्याचं आठवत नाही.

पण सल्ला केंद्रावर येणाऱ्या साठीच्या आसपासच्या बायका आता पिशवीतून पासबुक आणि ठेवपावत्या काढून समोर ठेवतात. नवरा कारखान्यातून, गिरणीतून किंवा एखाद्या खासगी कंपनीतून निवृत्त झालेला. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकलेले. त्या व्याजावर दोघांचं घर चाललेलं. आणि प्रश्न एकच असतो : 'ताई, व्याज कमी का आलं?' दुसरा प्रश्न त्या विचारत नाहीत, तो आपल्याला विचारावा लागतो : 'पावतीवर पहिलं नाव कुणाचं आहे?' या दोन प्रश्नांची गाठ कुठे पडते, ते या वेळी पाहू.

कर लागत नाही, तरी कापला जातो

एक साधा हिशेब मांडू. नवरा बासष्ट वर्षांचा, बायको छप्पन्न वर्षांची. निवृत्तीच्या वेळी हातात आलेले १८ लाख रुपये एकाच बँकेत, नवऱ्याच्या नावावर, ७ टक्के व्याजाने ठेवले आहेत. वर्षाचं व्याज १,२६,००० रुपये. कर्मचारी पेन्शन योजनेचं निवृत्तिवेतन महिना २,८०० रुपये, म्हणजे वर्षाचे ३३,६०० रुपये. (या योजनेचं किमान निवृत्तिवेतन २०१४ च्या सप्टेंबरमध्ये १,००० रुपये ठरलं. तेव्हा २,८०० मिळणारे काही अगदीच तळाचे नव्हेत.) दोन्ही मिळून वर्षाचं उत्पन्न १,५९,६०० रुपये. म्हणजे महिना १३,३०० रुपयांत दोन माणसं.

यावर कर किती? शून्य. जुन्या करप्रणालीत साठ वर्षांवरच्या व्यक्तीला ३ लाखांपर्यंत कर नाही. २०२५-२६ या वर्षापासून नव्या प्रणालीत सर्वांनाच पहिल्या ४ लाखांवर कर नाही, आणि त्यापुढेही १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यावर येतो. आपलं जोडपं या रेषांच्या जवळपासही नाही.

तरीही बँक कर कापते. कारण बँक माणसाचं एकूण उत्पन्न बघत नाही, आपण दिलेलं व्याज बघते. एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा की साठ वर्षांवरच्या ठेवीदाराला एका बँकेतून वर्षाला १ लाखाहून जास्त व्याज मिळत असेल, तर बँक त्यातले १० टक्के कापून सरकारकडे भरते. यालाच टीडीएस म्हणतात. साठीच्या आतल्या ठेवीदारासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. मर्यादा ओलांडली की कपात वरच्या रकमेवर होत नाही, सगळ्या व्याजावर होते. म्हणजे आपल्या जोडप्याचे १२,६०० रुपये गेले. महिन्याला १,०५० रुपये. ज्या घरात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या व्याज जमा झाल्यावर आणल्या जातात, तिथे या रकमेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मुदत संपल्यावर एकदम व्याज देणारी ठेव असेल तर आणखी गंमत. व्याज हातात आलेलं नसतं, तरी दरवर्षी ते जमेस धरून कपात होतच राहते.

हे पैसे बुडत नाहीत. आयकराचं विवरणपत्र भरलं की परत मिळतात. पण ज्यांचं उत्पन्न इतकं कमी आहे त्यांना एरवी विवरणपत्र भरावं लागत नाही. स्वतःचेच पैसे परत मिळवायचे म्हणून ते भरायचं, त्यासाठी सल्लागाराला किंवा सायबर कॅफेवाल्याला पैसे द्यायचे, मग मोबाइलवरच्या ओटीपीची आणि परताव्याची वाट बघायची. नको ती दगदग म्हणून अनेकजण नाद सोडून देतात. ज्याच्यावर कर बसत नाही असा गरीब म्हातारा माणूस न लागणारा कर भरतो, तो असा.

यावरचा उपाय एका कागदाचा आहे. 'माझ्या एकूण उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून व्याजातून कपात करू नये' असं घोषणापत्र बँकेला द्यायचं. साठीवरच्यांसाठी ते १५ एच आणि साठीच्या आतल्यांसाठी १५ जी या नावांनी ओळखलं जात आलं आहे. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला. तो १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेतो आणि त्यात कलमांचे व फॉर्मांचे आकडे बदलतात. म्हणून काउंटरवर आकड्यावर अडून बसू नका, 'व्याजावर कर कापू नये यासाठीचं घोषणापत्र द्या' असं मागा. ते दरवर्षी द्यायचं, ज्या ज्या बँकेत ठेव आहे तिथे वेगळं द्यायचं, आणि एप्रिलमध्येच द्यायचं. व्याज कापून गेल्यावर दिलं तर गेलेलं तिथे परत मिळत नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये बँकांना सांगितलं होतं की ज्येष्ठ आणि अपंग ग्राहकांना हे फॉर्म वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, बँकेनेच द्यावेत आणि सत्तरीपुढच्यांना काही सेवा घरपोच द्याव्यात. हे किती शाखांमध्ये घडतं ते आपल्या गटातल्या बायकांना विचारून पाहा.

नावाचा घोळ

घोषणापत्र चालतं ते पॅन असेल तरच. पॅन दिला नाही, तर कपात १० ऐवजी २० टक्के. आणि १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेला पॅन 'निष्क्रिय' धरला जातो, म्हणजे असून नसल्यासारखा. वरच्या हिशेबात मग १२,६०० ऐवजी २५,२०० रुपये जातात. ऐंशीच्या पुढच्यांना या जोडणीतून सूट आहे, बाकीच्यांनी मुदत चुकवली तर १,००० रुपये भरून जोडणी करायची.

जोडणी अडते ती बहुधा बाईची. याचं कारण सोपं आहे. पुरुषाचं नाव पाळण्यात ठरतं आणि मरेपर्यंत तेच राहतं. आपल्याकडे बाईचं वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, आणि अनेक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिचं स्वतःचं नावही बदललं जातं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं, पॅनवर चौथं. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नसते, म्हणून आधारवर १ जानेवारी आणि पॅनवर आणखी काही. संगणकाला यातली दोन नावं एकाच बाईची आहेत हे कळत नाही. विवाहानंतर नाव न बदलण्याचा आग्रह आपण इतकी वर्षं स्वत्वाचा प्रश्न म्हणून धरला. आज तो वीस टक्क्यांचा प्रश्नही झाला आहे.

ही नावं जुळवण्यात दोन दोन महिने जातात. म्हणून घरात शांतपणे एक निर्णय होतो : 'राहू दे, सगळं माझ्याच नावावर ठेवू.' आणि बाई दुसऱ्या नावावर जाते, किंवा नॉमिनीच्या रकान्यात.

'टॅक्सची भानगड होते'

पैसे बायकोच्या नावावर का ठेवले नाहीत, असं विचारलं की आणखी एक उत्तर येतं : 'तिच्या नावावर ठेवलं तर टॅक्सची भानगड होते.' हे उत्तर नवरे देतात, मुलगे देतात, बँकेतले साहेब देतात. बाई गप्प बसते, कारण कराचं आपल्याला काय कळतंय. त्यामुळे या भानगडीची चिरफाड नीट केली पाहिजे.

आपल्या देशात कर जोडप्यावर बसत नाही, व्यक्तीवर बसतो. नवऱ्याचं उत्पन्न वेगळं, बायकोचं वेगळं. याला अपवाद आहे. नवऱ्याने स्वतःचे पैसे बायकोला पुरेशा मोबदल्याशिवाय दिले, तर त्या पैशांवरचं व्याज बायकोच्या नावावर जमा झालं तरी करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. बायकोने नवऱ्याला दिले तरी नियम तोच. १९३७ साली १९२२ च्या आयकर कायद्यात दुरुस्ती करून ही तरतूद आली, पुढे १९६१ च्या कायद्यात ती ६४ व्या कलमात राहिली आणि नव्या कायद्यातही आहे. हेतू समजण्याजोगा होता. श्रीमंत नवरे मालमत्ता बायकोच्या नावावर दाखवून कर चुकवत, त्यांना आळा घालायचा होता.

पण 'पुरेशा मोबदल्याशिवाय' या शब्दांपाशी आपण थांबलं पाहिजे. ज्या बाईने पस्तीस वर्षं पहाटे उठून पाळीचा डबा भरला, पोरं वाढवली, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं, संपात घर चालवलं, तिच्या नावावर नवऱ्याने सहा लाख ठेवले तर कायदा म्हणतो की मोबदल्याशिवाय दिले. तिच्या पस्तीस वर्षांच्या कामाची किंमत कायद्याच्या वहीत शून्य आहे. घरकामाचं मोल मोजा, असं आपण म्हणतो तेव्हा ते जनगणनेपुरतं बोलत नाही. ठेवपावतीपुरतंही बोलतो.

आता भानगडीचा हिशेब. वरच्या जोडप्याने १८ लाखांपैकी काही रक्कम बायकोच्या नावावर ठेवली आणि तिचं सगळं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं, तर त्याचं उत्पन्न किती होईल? तेच १,५९,६०० रुपये. कर किती? शून्य. आधी शून्य, नंतरही शून्य. बायकोला पैसे दिल्याबद्दलही कर नाही, कारण नवराबायकोतल्या देणगीवर तो लागत नाही. हा नियम ज्यांच्यासाठी केला त्या बड्या घरांना तो जड जाईल. ज्यांच्या दोघांचं मिळून उत्पन्न करपात्र रेषेच्या खाली आहे, त्या घरात बाईचं नाव मागे ठेवायला कर हे कारण असूच शकत नाही. खरं कारण दुसरं असतं आणि ते आपल्याला चांगलं माहीत आहे. कराची भीती हा त्यावर घातलेला पदर.

इथे एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. वर सांगितलेल्या १५ जी आणि १५ एच घोषणापत्रांत 'हे व्याज दुसऱ्या कुणाच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही' असंही लिहून द्यावं लागतं. नवऱ्याने दिलेल्या पैशांच्या व्याजाबद्दल बाईला हे खरेपणाने लिहिता येत नाही, आणि खोटं घोषणापत्र देणं हा गुन्हा आहे. 'करा सही, काही होत नाही' असं कुणी म्हटलं तरी तिला सही करायला लावू नका. त्यापेक्षा रकमेची विभागणी अशी करा की घोषणापत्राची गरजच पडणार नाही. आपल्या उदाहरणात बायकोच्या नावावर ६ लाख आणि नवऱ्याच्या नावावर १२ लाख ठेवले, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात घेतलं, तर तिचं व्याज ४२,००० आणि त्याचं ८४,००० रुपये. ती ५०,००० च्या आत, तो १ लाखाच्या आत. कपात नाही, फॉर्म नाही, आणि सहा लाखांच्या पावतीवर पहिलं नाव तिचं.

बाईचे स्वतःचे पैसे असतील तर हा सगळा प्रश्नच नाही. तिची मजुरी, शिवणकाम, पोळीभाजी, धुणीभांडी यांतून साठवलेलं, माहेरहून मिळालेलं, स्त्रीधन, आईवडिलांच्या वाट्याचं, लग्नाआधीचं, हे सारं तिचं. त्यावरचं व्याजही तिचंच. फक्त ते वेगळ्या खात्यात राहू द्यावं, घरच्या पैशांत मिसळू देऊ नये. २०१६ च्या नोटाबंदीत अनेक बायकांना डब्यातले, पेटीतले पैसे बँकेत भरावे लागले आणि ते आले कुठून म्हणून काहींकडे आयकर खात्याने विचारणा केली. अशाच एका गृहिणीच्या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने २०२१ च्या जूनमध्ये सांगितलं की गृहिणीने त्या वेळी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड बेहिशेबी उत्पन्न धरता येणार नाही. निकाल नोटाबंदीपुरता आहे. तरी बाई घरखर्चातून साठवते आणि ती बचत खरी असते, एवढं तरी कागदावर आलं.

वय तिचं आडवं येतं

आपल्या समाजात बायको नवऱ्याहून लहान असावी लागते. नवरा साठीला निवृत्त होतो तेव्हा ती बहुधा पंचावन्न-छप्पन्नची असते. कायद्याच्या दृष्टीने एकाच घरात एक ज्येष्ठ नागरिक आणि एक नुसतीच बाई. घराची मिळकत निवृत्तीची झालेली असते, पण सवलती त्याच्या एकट्याच्या. कपातीची मर्यादा त्याला १ लाख, तिला ५०,०००. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना बँक आणि पोस्टाच्या व्याजातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट २०१८ च्या अर्थसंकल्पाने दिली, ती तिला नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं त्याच्याच नावावर उघडावं लागतं. या योजनेची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली, म्हणजे निवृत्तीची सगळी पुंजी तीत बसते. बायकोला जोडखातेदार करता येतं, मात्र सगळी रक्कम पहिल्या खातेदाराचीच धरतात. शेजारच्या खिडकीवर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना असते. तिथल्या जोडखात्यात दोघांचा वाटा समान धरतात. पोस्ट एकच. एका खिडकीवर ती निम्म्याची वाटेकरी, दुसऱ्या खिडकीवर नुसतं दुसरं नाव.

गोव्याची गोष्ट

हे असंच असायला हवं का? शेजारच्या गोव्यात ते असं नाही. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. आयकर कायद्याने हे मान्य केलं आहे. १९९४ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या कायद्यात कलम ५ए घातलं आणि ते १९६३ पासून लागू धरलं. त्यानुसार अशा जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न, म्हणजे ठेवीचं व्याज, घरभाडं वगैरे, दोघांत निम्मं निम्मं वाटून प्रत्येकाच्या नावे धरतात. ठेव कुणाच्या नावावर आहे हे पाहत नाहीत. पगार मात्र ज्याचा त्याचा.

म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडला की त्याच आयकर कायद्यानुसार त्याच ठेवीचं निम्मं व्याज बायकोचं होतं. गोव्यात सारं आलबेल आहे असं कुणी म्हणणार नाही. तिथेही व्यवहार बहुधा नवराच पाहतो, हे तिथल्या बायका सांगतील. पण 'करव्यवस्थेत असं वाटून धरणं अशक्य आहे' असं सांगणाऱ्याला आपण गोवा दाखवू शकतो. आपल्याच देशाच्या कायद्यात तीसहून अधिक वर्षं ते लिहिलेलं आहे.

आपली मागणी नुसतं करापुरतं निम्मं धरण्याची नाही. कागदावर निम्मं उत्पन्न तिचं आणि पैशांवर ताबा त्याचा, असं झालं तर ती फक्त कर वाचवण्याची सोय होईल. संसारात मिळवलेल्या पुंजीत बाईचा निम्मा हक्क ही आपली जुनी मागणी आहे. कराचा नियम तिच्या मागून यावा.

तो गेल्यावर

पहिल्या नावाचा खरा अर्थ कळतो तो नवरा गेल्यावर. जिचं नाव पावतीवर नव्हतं ती मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, मुलांच्या सह्या गोळा करत फिरते. नॉमिनी असली तरी पैसे तिच्या हाती येतात ते वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी, ती आपोआप मालकीण होत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. आणि त्याच महिन्यांत पॅनवरचं जुनं नाव, आधारवरची जन्मतारीख असे सगळे राहिलेले घोळ एकदम समोर उभे राहतात.

करही तिथे तिला वेगळं वागवतो. नवरा निवृत्तिवेतन घेत होता तेव्हा ते पगारासारखं धरून नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळत होती. तो गेला आणि तिला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं की तेच 'इतर उत्पन्न' होतं आणि वजावट रकमेच्या एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. २०२४ पर्यंत ती १५,००० होती; जुन्या प्रणालीत आजही तेवढीच आहे. निवृत्तिवेतन आधीच निम्म्यावर आलेलं, आणि वजावट तिसऱ्या हिश्श्यावर. बारा लाखांच्या सुटीमुळे बहुतेकींना आज प्रत्यक्ष कर बसणार नाही. पण सूट ही अर्थसंकल्पागणिक बदलणारी गोष्ट आहे. २००५-०६ पासून २०११-१२ पर्यंत स्त्रियांना करमुक्त उत्पन्नाची मर्यादा पुरुषांहून थोडी जास्त होती, मग ती एका अर्थसंकल्पात गेली आणि फारसा कुणी आवाज केला नाही. विधवेचं निवृत्तिवेतन हे तिच्या नवऱ्याच्या नोकरीला जोडलेल्या तिच्या श्रमाचं आहे, हे एकदा मान्य झालं तर वजावटीत फरक करायला आधार उरत नाही.

आपण काय करू शकतो

बचत गटाची बैठक दर महिन्याला होतेच. मार्चची बैठक या कामाला द्यावी. साठीच्या आसपासच्या सभासदांनी, आणि ज्यांचे आईवडील निवृत्त आहेत त्या मुलींनी, ठेवपावत्या, पासबुकं, पॅन आणि आधार घेऊन यावं. चार गोष्टी पाहायच्या. पावतीवर पहिलं नाव कुणाचं. पॅन आधारशी जोडलेला आहे का आणि दोन्हीकडे नाव व जन्मतारीख तीच आहे का. एका बँकेचं वर्षाचं व्याज मर्यादेच्या आत आहे का. मागच्या वर्षी काही कापलं गेलं का. कापलं असेल आणि विवरणपत्राची मुदत उरली असेल, तर गटातल्या शिकलेल्या मुलींना हाताशी धरून ते भरून घ्यावं. साधं विवरणपत्र भरायला आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पैसे पडत नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची घोषणापत्रं एकत्र घेऊन शाखेत जावं. एकटी आजी गेली तर 'उद्या या' म्हणतात. पंधराजणी गेल्या की पोच मिळते. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

मागण्या पुढच्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनेप्रमाणे फॉर्म घरपोच आणि मराठीत मिळावेत. घोषणापत्र दरवर्षी देण्याची सक्ती काढून परिस्थिती बदलेपर्यंत ते चालावं. निवृत्त जोडप्यातल्या साठीच्या आतल्या बायकोलाही ज्येष्ठांची कपात मर्यादा लागू व्हावी. नवराबायकोतल्या ठरावीक रकमेपर्यंतच्या ठेवींना उत्पन्न मिळवण्याचा नियम लागू नसावा, म्हणजे बाईला आपल्या ठेवीसाठी स्वतः खरेपणाने सही करता येईल. कुटुंब निवृत्तिवेतनाची वजावट निवृत्तिवेतनाइतकी व्हावी. आणि संसारातल्या पुंजीत निम्मा हक्क कायद्याने मिळावा.

यांतल्या शेवटच्या मागणीला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. पण पुढची ठेव मोडून नव्याने ठेवायची वेळ या वर्षीच अनेक घरांत येणार आहे. त्या वेळी पावतीवर पहिलं नाव कुणाचं, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारला गेला पाहिजे. 'टॅक्सची भानगड होते' असं उत्तर आलं, तर हा अंक पुढे करा आणि १,५९,६०० चा हिशेब वाचून दाखवा.

तुमच्या गटात काय घडलं, कोणती शाखा सहकार्याने वागली, कुठे अडलं, नाव बदलून घ्यायला किती फेऱ्या झाल्या, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.